पोपटांचे बिऱ्हाड

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाचीला घेऊन मी आमच्या जवळच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेले. तिला वाघ पाहायचा होता आणि मला पोपट. पण शेहेचाळीस वर्षे वयाच्या, महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईने 'मला पोपट पाहायचेत' असे उघड म्हणणे बरे दिसत नाही. म्हणून नाव वाघाचे केले.

वाघाने आमची निराशाच केली. तो झुडपामागे गाढ झोपला होता आणि त्याची नुसती शेपटी दिसत होती. भाचीने शेपटीचे सात फोटो काढले आणि ती तृप्त झाली. मग मी तिला म्हटले, "चल, आता तुला एक गंमत दाखवते." चिंचेच्या मोठ्या झाडाखालून उजवीकडे वळले की एक उंच, गोल, लोखंडी पिंजरा लागत असे. डोळ्यांना दिसण्याआधी तो कानांना कळायचा. शे-दीडशे पोपट एकाच वेळी बोलत, भांडत असायचे. लग्नघरात पहिली पंगत बसायच्या आधी जो गलका चाललेला असतो ना, अगदी तसा.

चिंच होती. वळणही होते. गलका मात्र नव्हता. पिंजऱ्याच्या जागी हिरवळीचा एक वाटोळा तुकडा होता, भोवती घाणेरीची झुडपे होती आणि 'फुलपाखरू उद्यान' अशी पाटी होती. तिथे झाडणाऱ्या मावशींना मी विचारले, तशा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पोपट? ते कवाच गेलं, बाई. धा-बारा वर्सं झाली की!"

भाचीला माझ्या चेहऱ्याचे आश्चर्य वाटले. "आत्या, पोपट तर आपल्या गच्चीवर रोज येतात. त्यांत काय बघायचंय?"

प्रश्न बिनतोड होता. माझे एक माणूस त्या पिंजऱ्यात राहिले होते, हे तिला कसे सांगणार?

आमच्या घरी एक राघू होता. 1974 च्या उन्हाळ्यात, म्हणजे माझ्या जन्माआधी पाच वर्षे, कृष्णाकाठच्या एका जुन्या वडाच्या ढोलीतून कुणीतरी काढलेले पिल्लू आजीने दोन रुपयांना विकत घेतले होते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची यांवर तिने त्याला वाढवले. त्याच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ आला, तेव्हा घरात मुलाचे बारसे व्हावे तसा आनंद झाला होता म्हणे. ओसरीच्या कडीला त्याचा पिंजरा टांगलेला असे. रात्री त्यावर आजीच्या जुन्या लुगड्याचे फडके पडे आणि मग राघूचा दिवस संपे.

त्याला तीन गोष्टी बोलता येत. 'विठ्ठल विठ्ठल' हे सगळ्यांनी मिळून शिकवलेले होते. दुसरी एसटीच्या कंडक्टरची शिटी. ती तो स्वतःच स्टँडवरून ऐकून शिकला होता. आणि तिसरे एक वाक्य, जे त्याला कुणीही शिकवले नव्हते: "बापू, जेवलास का रे?" बापू म्हणजे माझे वडील. त्यांना घरालाच काय, सगळ्या आळीला बापूच म्हणतात. नोकरीवरून ते रात्री उशिरा परतत. उंबऱ्यात पाऊल पडले की आजी आतून हाच प्रश्न विचारी. ते बाहेर काही खाऊन येत नाहीत हे तिला ठाऊक होते. तरी रोज विचारी. राघूने ते वाक्य तिच्या आवाजासकट उचलले. शेवटचा 'का रे' ती किंचित वर ओढत असे. तोसुद्धा त्याने सोडला नव्हता.

आजी 1991 च्या मार्गशीर्षात गेली. तेराव्याच्या रात्री पाहुण्यांना स्टँडवर पोचवून बापू परत आले. ओसरीवर अंधार होता. त्यांच्या वहाणांचा आवाज झाला आणि फडक्याखालून प्रश्न आला, "बापू, जेवलास का रे?" बापू होते तिथेच, पायरीवर बसले. वडिलांना रडताना मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिले. पुढे मात्र त्याची सवय झाली. राघूने रोज रात्री विचारावे आणि बापूंनी पिंजऱ्याकडे पाहून, "जेवतो आता," असे उत्तर द्यावे. आम्हा भावंडांना त्यात विशेष असे काही वाटेनासे झाले.

आणि मग मला बक्षीस मिळाले.

1993 साली मी नववीत होते. वन्यजीव सप्ताहानिमित्त शाळेत निबंधस्पर्धा झाली. विषय होता 'पिंजऱ्यातील पोपटाचे मनोगत'. मराठी माणसाला हा विषय नवा नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी पोपट होऊन लोखंडी गजांमागून दोन पाने अश्रू ढाळले आहेत. मीही ढाळले. 'सोन्याचा असला तरी पिंजरा तो पिंजराच' वगैरे सगळे त्यात होते. मला पहिला क्रमांक मिळाला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितले, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. मी ते वाक्य जसेच्या तसे पाठ केले आणि संध्याकाळी घरी येऊन बापूंसमोर म्हणून दाखवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटले. तिसऱ्या दिवशी निबंधच मोठ्याने वाचून दाखवला. ओसरीवर राघू बसलेला होता आणि मी त्याच्या वतीने बोलत होते. त्याला एका शब्दाने विचारले नव्हते.

बापूंनी वाद घातला नाही. "तुझं बरोबर आहे," एवढेच म्हणाले. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेला पक्षी मोकळा सोडला तर कावळे-मांजरे त्याला दोन दिवसही जगू देणार नाहीत, हे त्यांना माहीत होते. म्हणून एका रविवारी पिंजरा मांडीवर घेऊन आम्ही एसटीने प्राणिसंग्रहालयात गेलो.

तिथल्या कारकुनाने आमच्याकडे पाहून सुस्कारा टाकला. "आणखी एक! अहो, गाव न् गाव पोपट आणून टाकतंय इथे." पण त्याने फॉर्म दिला. 'प्राण्याचे नाव' या रकान्यात बापूंनी 'राघू' असे लिहिले. कारकुनाने ते खोडून वर लिहिले, 'पोपट, नर, नग 1.' मग रक्षक राघूला त्या गोल पिंजऱ्याकडे घेऊन गेला, छोटे दार उघडले, आणि त्या हिरव्या गर्दीत आमचा राघू क्षणभरात दिसेनासा झाला. परतताना रिकामा पिंजरा बापूंच्या मांडीवर होता. कंडक्टरने शिटी मारली तेव्हा आम्ही दोघांनीही खाली पाहिले.

हे सगळे मी भाचीला सांगितले नाही. तिला आइस्क्रीम घेऊन दिले आणि कचेरीत जाऊन तिथल्या अधिकाऱ्याला भेटले. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, मोठा मनमिळाऊ मुलगा. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि जे सांगितले त्यांतल्या एकाही वाक्याला मला हरकत घेता आली नाही.

तो म्हणाला, "मॅडम, पूर्वीची प्राणिसंग्रहालयं म्हणजे पोस्टाच्या तिकिटांचा आल्बम. प्रत्येक जातीचा एकेक नमुना हवा. जितक्या जाती जास्त तितकी शान मोठी. पोपट म्हणजे तर रंगीत तिकिटं! एक मेला की बाजारातून दुसरा आणायचा. आता तसं चालत नाही." 1992 साली देशात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. प्राण्याला जागा किती हवी, त्याला जोडीदार आहे का, त्याला ठेवण्याचे प्रयोजन काय, हे प्रश्न विचारले जाऊ लागले. आपल्या देशी पक्ष्यांचा व्यापार 1990-91 च्या सुमारास पूर्ण बंद झाला. त्याआधीच, 1975 पासून, वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला होता, आणि 1981 साली पोपटांच्या जवळजवळ सगळ्या जाती त्याच्या यादीत गेल्या. सुटले ते फक्त तीन: बजरी, कॉकाटील आणि आपला हा कंठवाला हिरवा पोपट. अमेरिकेने 1992 साली कायदा करून रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात आवळली. युरोपने 2005 साली बर्ड फ्लूच्या भीतीने ती थांबवली आणि 2007 पासून कायमची बंद केली. जो झरा आटला त्याच्यावरच जुने पोपटसंग्रह भरत होते.

"आणि पोपट सांभाळायला सोपा वाटतो, पण सोपा नाही," तो पुढे म्हणाला. हल्ली पाहुण्यांना आत फिरता येईल असे मोठे, झाडाझुडपांचे पक्षिगृह बांधतात. त्यात पोपट सोडले की महिन्याभरात झाडांचे खराटे होतात. त्यांची चोच म्हणजे अडकित्ता! लाकूड, तारा, रंग, काही सोडत नाहीत. आवाज असा की शेजारचे पक्षी बेजार. आयुष्य लांब, मोठे मकाव तर पन्नास-पन्नास वर्षे जगतात. आणि माणसाने हाताने वाढवलेला पोपट पुष्कळदा स्वतःला माणूसच समजतो. त्याला जोडीदारीण दिली तरी तो तिच्याकडे पाठ करून रक्षकाशी बोलत बसतो. मग पिल्ले कुठून व्हायची?

मी विचारले, "आणि इथले पोपट?"

"उडू शकत होते त्यांना हळूहळू सराव देऊन डोंगरात सोडलं. म्हातारे होते ते मागच्या बाजूला ठेवले होते. एकेक करत गेले."

हिशेब सोपा होता. राघू 1974 चा. पिंजऱ्यातला असा पोपट पंचवीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे पिंजरा मोडण्याच्या कितीतरी आधीच त्याचे संपले असणार. तरीही मी त्या मुलाला विचारले, "त्या म्हाताऱ्यांत कुणी बोलणारा होता का?" तो हसला. "मॅडम, मी इथे येऊन तीनच वर्षं झाली."

घरी आल्यावर मी आमच्या ग्रंथालयातून पक्ष्यांवरची पुस्तके आणली. मराठीच्या बाईंनी एकदम पाच पुस्तके पक्ष्यांवरची नेली म्हणून ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले. पण वाचत गेले तसे कळले, की आमच्या चिंचेजवळच्या गोल पिंजऱ्याचे झाले ते जगभर होत आले आहे. लंडनचे प्राणिसंग्रहालय 1828 साली उघडले. तिथल्या पोपटांचा लौकिक असा, की एडवर्ड लियर नावाचा अठरा वर्षांचा पोरगा 1830 साली त्यांच्यासमोर कागद घेऊन बसला आणि 1832 पर्यंत त्याने बेचाळीस चित्रे छापून काढली. पेंढा भरलेले नव्हे, जिवंत पोपट पाहून काढलेली चित्रे! पुढे हाच लियर इंग्रजीतल्या वात्रट कवितांसाठी प्रसिद्ध झाला. दोन वर्षे पोपटांची बडबड ऐकल्यावर माणूस दुसरे काय लिहिणार? त्यानंतर शंभर-दीडशे वर्षे प्रत्येक मोठ्या प्राणिसंग्रहालयाला आपले पोपटघर असल्यावाचून करमत नसे. मध्ये 1930 च्या सुमारास पोपटांपासून होणाऱ्या तापाची साथ युरोप-अमेरिकेत पसरली, तेव्हा अनेक देशांनी त्यांची आयात बंद केली. ती भीती ओसरली आणि पोपट परत आले. या वेळी मात्र ते परततील असे दिसत नाही. अपवाद आहेत. कॅनरी बेटांपैकी टेनेरीफवर 1972 साली निघालेल्या एका बागेत आजही पोपटांच्या शेकडो जाती-उपजाती आहेत. पण अपवादच ते.

गंमत अशी, की ज्या काळात पोपटघरे बंद होत आहेत त्याच काळात पोपटांना आसऱ्याची गरज सर्वांत मोठी आहे. जगात पोपटांच्या सुमारे चारशे जाती. त्यांतल्या पावपेक्षा अधिक धोक्यात आहेत. अमेरिकेत कॅरोलायना नावाचे पोपट थव्यांनी असत. शेवटचा 21 फेब्रुवारी 1918 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याचे नाव इन्कस. जोडीदारीण आदल्याच वर्षी गेली होती. ब्राझीलचा निळा स्पिक्स मकाव 2000 सालानंतर रानात कुणाला दिसला नाही. त्याचा वंश टिकला तो मुख्यतः खासगी संग्राहकांच्या पिंजऱ्यांतून. त्यांच्या संततीतले आठ पक्षी 2022 च्या जूनमध्ये ब्राझीलच्या रानात सोडले गेले. आणि मॉरिशस! तिथे आपले मराठी बोलणारे लोक दीडशेहून अधिक वर्षे राहत आहेत. त्या बेटावर आपल्या राघूचा एक चुलतभाऊ राहतो, एको पॅराकीट. 1980 च्या दशकात त्याची संख्या दहा-बारावर आली होती. जर्सीच्या प्राणिसंग्रहालयाची संस्था आणि तिथले स्थानिक लोक यांनी पिल्ले वाढवून, घरटी राखून तो सातशेच्या वर नेला. तेव्हा पिंजरा वाईटच, असे माझ्या नववीतल्या निबंधासारखे ठासून म्हणता येत नाही. वंश बुडत असेल तर पिंजरा हीच ढोली होते.

पण राघूचा वंश बुडत नव्हता. उलट, तो जिथे जातो तिथे बस्तान मांडतो. ब्रसेल्समध्ये 1974 साली एका करमणूक-बागेतून असे चाळीसेक पोपट मोकळे सोडले होते. आज त्या शहरात त्यांचे हजारो वंशज आहेत. लंडनच्या बागांमधूनही ते भर थंडीत किंचाळत हिंडतात. पोपटघरे रिकामी झाली आणि बाहेरची झाडे भरली! अशा पक्ष्याला प्राणिसंग्रहालयाने का पोसावे? त्या तरुण अधिकाऱ्याचे बरोबरच होते. 1993 साली माझेही बरोबरच होते. मग मन कशाने खट्टू होते?

मला वाटते, ते असे आहे. सगळ्या प्राणिसंग्रहालयात उत्तर देणारा प्राणी एकटा पोपट होता. वाघ आपल्याकडे पाठ करून झोपतो. मगर डोळे मिटून घेते. पोपट मात्र गजाशी येऊन मान वाकडी करतो आणि बोलतो. काय बोलतो ते आपलेच असते, हे खरे. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका वन्यजीव उद्यानात 2020 साली पाच करडे पोपट आले आणि एकमेकांच्या नादाने पाहुण्यांना मनमुराद शिव्या देऊ लागले. शेवटी व्यवस्थापकांना त्यांना वेगवेगळे ठेवावे लागले. ज्या घरांतून ते आले तिथली भाषा त्यांच्याबरोबर आली. पोपटघर म्हणजे एका परीने उठून गेलेल्या घरांचे आवाज एकत्र ठेवण्याची जागा होती. कुणाची शिवी, कुणाचे 'विठ्ठल विठ्ठल', कुणाचा 'का रे'.

मी वर्गात 'पोपटपंची करू नका' असे दरसाल सांगते. सांगताना कधीकधी ओशाळायला होते. एक तर ते वाक्यही मी दरसाल जसेच्या तसेच म्हणते. दुसरे म्हणजे, आपल्या वाङ्मयाने पोपटाला इतके हलके कधी लेखलेले नाही. आपण 'कादंबरी' म्हणतो तो शब्द बाणभट्टाच्या ज्या ग्रंथावरून आला, त्यातली कथा राजाच्या दरबारात आणलेला एक पोपट सांगतो. 'शुकबहात्तरी'तला पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून घर मोडू देत नाही. आणि ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात दाखवलेला तो नळीवरचा पोपट! आपल्याच वजनाने नळी फिरते, तो उलटा होतो, आणि कुणी बांधलेले नसताना बांधलो गेलो असे समजून तीच नळी घट्ट धरून ठेवतो. हा दृष्टांत मी वीस-एक वर्षे शिकवते आहे. त्या दिवशी प्राणिसंग्रहालयातून परतल्यावर प्रथमच वाटले, की यातला पोपट कोण ते आपण कधी नीट पाहिलेच नाही. बत्तीस वर्षे मी एक अपराध घट्ट धरून बसले होते. बापूंनी मला त्याबद्दल एकदाही बोल लावला नव्हता.

बापू आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते पूर्वी वर्षातून दोन-तीनदा एकटेच त्या शहरात जात. बँकेचे काम आहे म्हणत. काम कुठे असे ते आम्हांला ठाऊक होते. एकदाच, मी बी.ए.ला असताना, ते आपण होऊन म्हणाले होते, "तिथला रक्षक सांगत होता, रात्री पिंजऱ्यातून कुणीतरी जेवलास का विचारतं. कोण ते कळत नाही म्हणाला. सगळे हिरवेच." आणि जरा थांबून, "एक नाही, दोघंतिघं विचारतात म्हणे." ते खरे होते, की लेकीच्या मनाला बरे वाटावे म्हणून रचलेले होते, हे मी विचारले नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्यांचे गुडघे दुखू लागले आणि बँकेची कामे संपली.

पिंजरा मोडल्याचे त्यांना सांगावे की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. पण भाचीने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले होते. "आजोबा, आत्याला पोपट बघायचे होते, पण तिथे आता पोपटच नाहीत." बापूंनी नुसती मान हलवली म्हणे.

पाचव्या दिवशी महाविद्यालयातून परीक्षेचे काम आटोपून मी उशिरा घरी आले. दिवे गेले होते. ओसरीवर बापू अंधारात खुर्चीत बसलेले दिसले. त्यांचे जेवण साडेसातला होते आणि नऊ वाजून गेले होते. मी आयुष्यात बापूंना एकेरी हाक मारलेली नाही; आमच्या घरात ती रीतच नव्हती. पण त्या दिवशी पिशवी खाली ठेवता ठेवता माझ्या तोंडून सहज निघून गेले,

"बापू, जेवलास का रे?"

माझे मलाच कळेना हे कुठून आले. शेवटचा स्वरसुद्धा वर ओढला गेला होता. मी जीभ चावली. बापूंनी माझ्याकडे पाहिले, मग वर, त्या रिकाम्या कडीकडे पाहिले आणि ते मोठ्याने हसले. कितीतरी वर्षांत मी त्यांना असे हसताना ऐकले नव्हते.

"जेवतो आता," ते म्हणाले. आणि काठी घेऊन हळूहळू उठले.